सिरपूरची शिक्षा

आमच्या साडूंइतक्या हौसेनं गाइड घेऊन फिरणारा माणूस अख्ख्या भारतवर्षात सापडायचा नाही. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात त्यांच्या चार पिढ्या गेल्या, रेल्वेतून ते स्वतः निवृत्त झाले, आणि जवळच्या सिरपूरचे जुने अवशेष त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त पाठ आहेत. तरी दर खेपेला तिथं पोचलं, की आधी स्वतंत्र गाइड ठरवायचा. "तुम्हाला सगळं माहीत असताना कशाला?" मी एकदा विचारलं. "अहो साडूभाऊ, आपल्याले माहीत हाय म्हणून त्यानं सांगूच नये काय?" पंडरीच्या कापडबाजारात सदऱ्याचं कापड घ्यायला गेले तरी ते दुकानदाराला त्या गल्लीचा इतिहास विचारत बसतात आणि कापड न घेताच घरी येतात. पुण्याला आले तेव्हा तर त्यांनी मलाच गाइड करून शनिवारवाड्यावर नेलं आणि इतके प्रश्न विचारले, की पुढचे दोन दिवस मी ओळखीच्या लोकांनाही टाळत होतो.

त्यांचा खरा आनंद मात्र भाषांतराचा. गाइड हिंदीत बोलतो, बरोबरच्या प्रत्येकाला हिंदी येते, आणि तरीही साडू त्याचं वाक्यन् वाक्य मराठीत करून सांगतात. गाइड म्हणणार, "चौखट पत्थर की है." साडू म्हणणार, "पाहा, सारं देऊळ विटांचं अन् चौकट तेवढी दगडाची. आता काहून, ते इचारा त्याले!" कुणी विचारत नाही, म्हणून तेही तेच विचारतात. गाइड बिचारा "हव, हव" म्हणजे हो, हो करत उभा.

या खटाटोपाचं कारण मला गेल्या उन्हाळ्यात कळलं. त्यांची नात रायपुरातच तेलीबांध्याला आईवडिलांबरोबर राहते. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत. महिनाभरात ती शिकायला बंगळुरूला जाणार होती. सिरपूरला निघताना साडू मला बाजूला घेऊन म्हणाले, "जायच्या आधी पोट्टीच्या तोंडून मराठीचं एक वाक्य ऐकाचं हाय. बस."

देवळापाशी त्यांनी जिवाचं रान केलं. पोरीचं आपलं "अच्छा" आणि "हाँ आजोबा". मग आम्ही बौद्ध विहारात आलो. त्या लहान लहान खोल्या दाखवत गाइड म्हणाला, "यहाँ भिक्षुओं को शिक्षा दी जाती थी." साडू रंगात आले होते. हात उंचावून म्हणाले, "इथं भिक्षूंले शिक्षा देत होते!"

माझी पुणेरी जीभ गप्प बसेल तर शपथ. "असा काय गुन्हा केला होता हो त्यांनी?"

आधी ते हसले. मग शिक्षण म्हणायच्या जागी आपण हिंदीतला शब्द जसाच्या तसा उचलला, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि चेहरा पार उतरला. "म्हणजे माह्यी मराठीही जाऊनच राहिली," ते म्हणाले आणि एका उंबऱ्यावर बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाइड पुढं सांगत राहिला. सवयीनं प्रत्येक वाक्यानंतर थांबायचा, मराठीची वाट पाहायचा, आणि मग पुढचं वाक्य घ्यायचा.

तेवढ्यात नात त्यांच्याजवळ जाऊन बसली. जरा चाचपडत म्हणाली, "आजोबा, तुम्ही बोल ना. गाइडभैयाचंवालं मले समजते, पण तुमचंवालं जास्त आवडते."

साडूंनी भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसला. मग तिला पहिल्या खोलीपासून सगळा विहार पुन्हा दाखवला. गाइडचं काम कधीच संपलं होतं, पण तोही मागून ऐकत फिरला.

परवा त्यांचा फोन आला. नात बंगळुरूला रमली आहे, रोज फोन करते, सगळं हिंदीत सांगते. "मी मराठीतच बोलतो," साडू म्हणाले, "ते मात्र आखरीपर्यंत ऐकून घेते."