लंबूच्या निबंधातला ताईंचा परिच्छेद

चाळिशी उलटल्यावर ताईंना शिकायची हुक्की आली, आणि तीही कशाची? तर लिहायला कसं शिकवावं याची! अर्धं आयुष्य शाळेतल्या मुलांच्या निबंधांवर लाल शाई ओतण्यात गेलेलं. "म्हणजे इतकी वर्षं तू करत काय होतीस?" असं नवऱ्याने विचारलं तेव्हा त्या हसल्या खऱ्या, पण तोच प्रश्न त्यांनाही पडला होता. नवरा विजेची कामं करणारा. विद्यापीठात तो गेला होता ते फक्त पंखे दुरुस्त करायला. तरी संध्याकाळचा स्वयंपाक त्याने कुरकुर न करता अंगावर घेतला.

विद्यापीठात ताई ज्या विभागात संशोधनाला लागल्या, त्याची एक खोली होती, ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या मशीनला लागून. ज्याचं लिहिताना घोडं अडलंय त्याने तिथे यायचं आणि संशोधन करणाऱ्यांनी त्याच्या शेजारी बसायचं. समोर नाही, शेजारी. नियम एकच, पेन्सिल लिहिणाऱ्याच्या हातात. विचारा, ऐका, मोठ्याने वाचायला सांगा, पण त्याच्या मजकुराला हात लावायचा नाही. मार्गदर्शक मोठ्या मॅडम म्हणायच्या, "फारच हात शिवशिवले तर हातांवर बसा." ताई खरोखर बसायच्या. अहो, जन्मभर दुसऱ्याच्या चुका सुधारलेला हात तो, सुखासुखी थोडाच ऐकणार!

लंबू तिथेच भेटली. हे मैत्रिणींनी ठेवलेलं नाव. दारातून येताना ती सवयीने मान वाकवायची, तेही जिथे गरज नाही तिथे. आजाऱ्यांच्या शुश्रूषेचा छोटा कोर्स करून आता तिला पुढच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं. जागा मोजक्या आणि निवड एका निबंधावर. तिने लिहायला घेतलं होतं आजोबांवर. शेवटी शेवटी त्यांना ही आपली नात आहे हेच ओळखू येत नव्हतं, त्याबद्दल. लिहिण्याची गती मुंगीची. एक वाक्य लिहायचं, खिडकीबाहेर बघायचं आणि परत येऊन तेच खोडायचं. पण यायची मात्र न चुकता, आणि प्रत्येक कच्चा खर्डा ताईंच्या प्रबंधासाठी हसत देऊन जायची. "माझ्या चुका कुणाच्या तरी कामाला येतायत," म्हणायची.

निबंध पाठवायच्या दिवशी घोळ झाला. वेळ संपत आलेली आणि शेवटचा परिच्छेद काही केल्या जुळेना. लंबू कॉम्प्युटरपुढे अगदी रडकुंडीला आली. "ताई, मला नाही जमणार हो."

"सरक जरा," ताई म्हणाल्या.

झालं! कीबोर्ड पुढे ओढला आणि आजोबांच्या शेवटच्या सकाळचा असा काही परिच्छेद लिहिला की स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. मग त्याला शोभेल अशी सुरुवात नको का? तीही बदलली. लंबू बघतच राहिली. "किती छान लिहिता हो तुम्ही!" त्या कौतुकाने ताई फुगल्या. फुगल्याच, उगाच कशाला लपवायचं?

लंबूची निवड झाली. तिने धावत येऊन ताईंना मिठी मारली. ताईंनी प्रबंधात तिचा पहिला खर्डा आणि शेवटचा निबंध शेजारी शेजारी लावले आणि ते प्रकरण मोठ्या मॅडमना वाचायला दिलं. मॅडम खूश. "बघा, आपण हात नाही लावला तर माणूस कुठवर जातं!" बोलायचं होतं ते तिथेच बोलायला हवं होतं. पण ताई नुसत्या मान हलवून बाहेर आल्या आणि तेव्हापासून त्यांचं मन त्यांना खाऊ लागलं. जेवताना नवऱ्याने विचारलं, "भाजी खारट झालीय का गं?" तर या पटकन म्हणाल्या, "हो, माझंच चुकलं." भाजी त्याने केली होती.

नवं सत्र सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. लंबू खोलीत आली. चेहरा पार उतरलेला.

"तिकडच्या सरांनी बोलावलंय. म्हणाले, वर्गात लिहितेस ते आणि तो निबंध एका माणसाचे वाटत नाहीत. कुठून उचललास? आता समितीपुढे जायचंय. खोटं ठरलं तर प्रवेश रद्द."

ताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तू काय सांगितलंस?"

"माझाच आहे म्हणून सांगितलं. तुमचं नाव नाही घेतलं. तुमची डिग्री अडकेल ना."

आणि लाजिरवाणी गोष्ट सांगू? क्षणभर ताईंना हायसं वाटलं. समोर ती पोर त्यांच्यासाठी स्वतःचं नुकसान करून घ्यायला निघालेली आणि यांना हायसं! मग मात्र स्वतःची अशी काही किळस आली की पर्स तिथेच टाकून त्या तडक मोठ्या मॅडमच्या दारात गेल्या. सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"ते प्रकरण काढावं लागेल. वर्ष वाया जाईल तुमचं."

"जाऊ दे."

"आणि समितीपुढे तुम्हीच बोलायचं."

ताई बोलल्या. सगळे खर्डे टेबलावर मांडले, कुठलं वाक्य कुणाचं ते बोट ठेवून दाखवलं. काही म्हणजे काही लपवलं नाही. आणि बोलण्याच्या भरात म्हणाल्या, "तिचा परिच्छेद जमतच नव्हता. तसाच गेला असता तर तिची निवड झाली नसती, म्हणून मी..." लंबू शेजारच्याच खुर्चीत होती.

समितीने लंबूला खोटं बोलल्याबद्दल चार शब्द सुनावले आणि बाजूच्या खोलीत बसवून तोच निबंध पुन्हा, तिच्या स्वतःच्या शब्दांत, लिहून घेतला. तिने लिहिला. सरांनी वाचला, इतरांकडे सरकवला आणि म्हणाले, "ठीक आहे. जागा राहील." ताईंचा जीव भांड्यात पडला.

बाहेर आल्यावर लंबू भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या तोंडावर आनंद कुठेच नव्हता.

"ताई, एक विचारू? तेव्हा माझं होतं तसंच पाठवलं असतं, तर इतक्या जणांत झाली असती निवड?"

हो गं, नक्की झाली असती, हे उत्तर ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "माहीत नाही."

"आत तर म्हणालात, झाली नसती."

"मला तेव्हा तसं वाटलं. पण खरं काय ते पाठवल्यावरच कळलं असतं. आणि मी ते पाठवूच दिलं नाही."

"म्हणजे आता ते कधीच कळणार नाही." लंबू सावकाश बोलत होती. "मी इथे शिकेन, पासही होईन. पण ही जागा मी मिळवली की तुम्ही, ते नाही कळणार."

"माफ कर गं मला."

"केलं हो ताई. पण त्याने काय होतं?"

तिने ते रागाने म्हटलं असतं तर ताईंना सोसलं असतं. ती खरंच विचारत होती, आणि उत्तरासाठी थांबली होती.