डोहातली राख

आमच्या भोरच्या डोंगरांत सोने नाही. सारा काळा पाषाण आहे. तरीही नीरेच्या पात्रात सोने सापडत असे, आणि ते आम्हीच तिथे पोहोचवलेले असे. मृताच्या तोंडात सोन्याचा कण ठेवायचा आणि चिता विझली की राख स्मशानाखालच्या डोहात सोडायची, असा रिवाज. त्या डोहाचा गाळ धुऊन कण काढणारा एक वृद्ध झारेकरी दरवर्षी माझ्या सोनारकीच्या दुकानी येई. लोकांनी निरोपाला दिलेले सोने असे माझ्याच हाती परत येत होते आणि मला त्याचा कधी संकोच वाटला नाही. पन्नाशी उलटल्यावर आज तो वाटतो.

नदीची रीत मला त्याच्याकडूनच कळली. जोराचा पूर आला की हलकी वाळू वाहून जाते आणि जड कण तळच्या कातळाच्या भेगांत बसतात. त्या भेगा हाताला लागतात वैशाखात, पाणी गुडघ्याखाली आल्यावर. तीच त्याची सुगी. गाळाने भरलेली काठवट तो पाण्यात इतकी हळू फिरवी, की पाणी हलते आहे असे वाटू नये. शेवटी काळी रेती उरे, आणि दैव असेल तर तिच्या कडेला एक पिवळा ठिपका.

एके वर्षी त्याची बायको अंथरुणाला खिळली होती. चैत्रात तो आला आणि पायरीखालीच उभा राहिला. औंदाचा कण विकायचा नाही, तो तिच्या तोंडात ठेवायचा, असे त्याने सांगितले. मग म्हणाला, "शेट, डोहावरचा डोंगर तुमचा. येवढं साल जाळू नगा. वळीव आला तर समदी राख डोहात यील."

जुने गवत जाळले की पावसात नवे लुसलुशीत येते, म्हणून चैत्रात आम्ही सगळेच डोंगर जाळत असू. दुकानात चार गिऱ्हाइके बसली होती. मी म्हणालो, "मग माझ्या म्हशींनी काय तुझी वाळू खायची?" गिऱ्हाइके हसली. माझ्या वडिलांच्या वयाचा तो माणूसही हसला, आणि गेला.

चार दिवसांनी मी गवत पेटवले. वारा फिरला, आग माझी हद्द ओलांडून करवंदीच्या जाळ्यांत शिरली आणि अख्खी उतरण काळी झाली. वैशाख लागताच वळीव कोसळला. मातीवर काडी उरली नव्हती. पाणी कुठे अडलेच नाही. मी काठावरून पाहिले, तेव्हा ओढा काजळासारखा डोहात उतरत होता.

तो तरीही रोज धूत राहिला. भेगा हातभर गाळाखाली गेल्या होत्या. राखेचा चिखल असा चिकट, की कण सुटण्याऐवजी त्याच्याबरोबरच काठवटीबाहेर जाई. एका दुपारी मी तिथे गेलो. माफी मागायला जातो आहे, असे स्वतःला सांगत गेलो. मी काही बोलण्याआधी तोच, वर न पाहता, म्हणाला, "डोंगराची राख मान्साच्या राखंत मिसळली, शेट. आता कंची कुनाची, वळकत न्हाई." मी आल्या पावली परतलो.

महिना सरण्याआधी त्याची बायको गेली. स्मशानात जाताना मी दुकानातला एक कण कागदाच्या पुडीत बांधून खिशात घेतला होता. तोंडात काय ठेवायचे, असे कुणीतरी विचारले. त्याने तुळशीचे पान ठेवले आणि मागे सरला. माझी बोटे पुडीवर होती. पुडी बाहेर काढली असती, तर का काढली हे चार लोकांना कळले असते. मी हात खिशातच ठेवला.

दुसऱ्या दिवशी एका नथीला सोने किंचित कमी पडत होते. मी पुडी सोडून तो कण मुशीत टाकला.

तिसऱ्या दिवशी तिची राख त्याच डोहात सोडली. तीत शोधण्यासारखे काही नव्हते. पुढच्या चैत्रात मी डोंगर जाळला नाही. पण काठवट घेऊन डोहावर कुणी आले नाही.