बिनबोभाट लग्न

दुसरं लग्न कसं करायचं, हे आमच्या आईला अगदी पाठ होतं. पत्रिका नाही, केळवण नाही, मेंदी नाही. पुण्यात भावाच्या फ्लॅटमध्ये सोफा भिंतीला सरकवायचा, गुरुजींना बोलवायचं, घरचीच चार माणसं आणि दार लावून घ्यायचं. "उगाच बोभाटा कशाला? सगळं नीट पार पडू दे, मग सांगू हळूहळू," आई म्हणाली. वहिनीनं फोटोसाठी फोन वर केला तर आईनं तिच्या हातावर चापट मारली. "फोटोबिटो नकोत गं, दृष्ट लागते." माझ्या पहिल्या लग्नाचे जाडजूड अल्बम होते, व्हिडिओ होता, आणि त्या लग्नाचं इंग्लंडला येऊन काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मीही गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, पण त्या दिवशी बसले.

रजिस्ट्रेशनची नोटीस ऑफिसच्या फळ्यावर महिनाभर लागली होती, तेवढ्यानंसुद्धा आईचा जीव टांगणीला. कोणी ओळखीचं तिथं गेलं आणि वाचलं तर? मी म्हटलं, "अगं, वाचलं तर वाचलं, चोरी करतोय का आपण?" तर म्हणे, हळू बोल.

नवरा नागपूरचा, बँकेत नोकरीला. भावाच्या मित्रानं सुचवलेलं स्थळ. त्याची पहिली बायको आजारपणात गेली, मूलबाळ नाही. तिच्या आजारपणात तिचे आईवडील मदतीला म्हणून त्याच्याकडे राहायला आले आणि मुलगी गेल्यावर तिथेच राहिले. एकुलती एक मुलगी होती, जाणार कुठे? त्यानंही कधी जा म्हटलं नाही. सासूबाई त्याचा डबा करायच्या, सासरे भाजी आणायचे, संध्याकाळी तिघं मिळून टीव्हीसमोर जेवायचे. पहिल्याच भेटीत त्यानं हे सगळं सांगितलं आणि मला तो तिथेच आवडला. खोटं कशाला बोलू, या वयात कोणी आवडेल असं मला वाटलंच नव्हतं.

त्याची एकच अट होती. "त्यांना एवढ्यात नको सांगायला. पोरीच्या जागी कोणी आलं, हे त्यांना झेपणार नाही." मला ते पटलं. उलट वाटलं, बघा, किती जीव लावणारा माणूस आहे. ऑफिसच्या कामाला पुण्याला जातोय असं सांगून तो निघाला, लग्न केलं आणि चौथ्या दिवशी परत जाऊन सासूबाईंच्या हातची भाकरी खायला बसला. मी माझ्या कॉव्हेंट्रीला.

इथं मला कायमचं राहण्याची परवानगी मिळून बरीच वर्षं झाली. कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोकरी आहे. लोक मदतीसाठी अर्ज करतात, त्यांचे कागद तपासायचे, हे माझं काम. दोघं एकत्र राहतो म्हणतात, तर खरंच राहतात का? एकटी राहते म्हणते, तर खरंच एकटी आहे का? हे मी रोज लोकांना विचारते आणि त्यासाठी पगार घेते. तरी स्वतःच्या नवऱ्याला आणायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, लग्न झालंय, सर्टिफिकेट आहे, माझा पगार पुरेसा आहे, झालं की. नवरा येईल, संध्याकाळी दार उघडलं की घरात दिवा लागलेला असेल. मला खरंच एवढंच हवं होतं.

व्हिसाच्या अर्जासाठी धरलेली आमची सॉलिसिटर पंजाबी घरातली, जन्मली-वाढली कॉव्हेंट्रीतच. तिनं माझी फाइल चाळली आणि विचारलं, "लग्नाचे फोटो?"

"हे काय."

वहिनीनं चोरून काढलेले तीन फोटो होते. एकात गुरुजींचा खांदा आणि माझा एक डोळा. दुसऱ्यात आम्ही दोघं, मागे इस्त्रीचं टेबल. तिसऱ्यात आई हात आडवा घालतेय.

"तुमच्यात लग्नाला पाचशे माणसं असतात ना?"

"पहिल्याला," मी म्हटलं.

ती हसली नाही. त्याच्या आईवडिलांचं पत्र? ते केव्हाच गेले. मित्रांनी अभिनंदन केलेले मेसेज? कोणाला सांगितलेलंच नाही. बरं, व्हिडिओ कॉल तरी? ते मात्र भरपूर होते. रोज संध्याकाळी तो बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उतरायचा आणि स्कूटरवर बसून माझ्याशी बोलायचा. वर घरात कसं बोलणार? माझा नवरा मी वर्षभर पार्किंगमध्येच पाहिला. मागे नेहमी कोणाची तरी गाडी, नाहीतर पाण्याच्या टाकीचा पाइप. त्याला डास चावायचे, तो बोलता बोलता पाय आपटायचा आणि मला हसू यायचं. सॉलिसिटरनं तेही स्क्रीनशॉट घेतले. म्हणाली, बघू.

नकार आला तो ईमेलवर. मी ऑफिसमध्येच वाचला आणि टॉयलेटमध्ये जाऊन रडले, अगदी तोंडात स्कार्फ कोंबून. लग्नाचा सोहळा झाल्याचा पुरावा नाही. नातेवाइकांना कल्पना नाही. अर्जदार आजही पहिल्या पत्नीच्या आईवडिलांबरोबर राहतो, आणि त्यांनासुद्धा या लग्नाचा पत्ता नाही. त्यामुळे हे नातं खरं असल्याची खात्री पटत नाही. मला संताप कशाचा आला सांगू? त्या अधिकाऱ्याच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं. अगदी याच शब्दांत.

अपील करायचं ठरलं. सॉलिसिटर म्हणाली, त्याच्या घरातल्या कोणीतरी लिहून द्यायला हवं. म्हणजे त्या दोघांनी. म्हणजे आधी त्यांना सांगायला हवं.

"सांगतो," तो म्हणाला. "थोडं थांब. सासूबाईंचं बीपी वाढलंय."

मग सण आला. सणात कसं सांगायचं? मग त्यांच्या मुलीचं श्राद्ध. त्या दिवसांत तर शक्यच नाही. मग सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. मी थांबले, थांबले आणि एक दिवस माझं डोकं फिरलं. "मी काय तुझी ठेवलेली बाई आहे का रे? लग्न केलंयस ना माझ्याशी? का पार्किंगमध्येच संसार करायचाय आयुष्यभर?" मी किंचाळले. त्याच्या फोनवर आवाज मोठा होता, बाजूनं जाणारा वॉचमन वळून बघायला लागला. नवरा खाली मान घालून बसला, आणि मला त्याचा आणखीनच राग आला. म्हटलं, या आठवड्यात सांग, नाहीतर मी अपील मागे घेते. मी ते घेणार नव्हते. पण त्याला ते खरं वाटलं.

त्यानं सांगितलं. जेवणं झाल्यावर टीव्ही बंद केला आणि सांगितलं. नंतर मला फोनवर म्हणाला, "सासूबाई उठल्या. ताटं उचलून आत गेल्या." सासरे मात्र बसून राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, "लग्न केलं ते बरं केलं. पण चोरून काहून केलं?"

तुम्हाला त्रास नको म्हणून, असं काहीतरी हा म्हणाला. "आम्ही काय तुझ्या वाटेत बसून राहिलो होतो?" असं म्हणून तेही उठले.

आठवडाभरात दोघांनी वर्धा रोडपलीकडे एका वृद्धाश्रमात चौकशी केली. यानं हातापाया पडून विनवलं. मी इथून म्हटलं, त्यांना सांग, मीच तिकडे येते राहायला, पण घर सोडू नका. म्हटलं खरं, आणि तेव्हा मला ते अगदी मनापासून वाटत होतं. पण ते काही ऐकेनात. भांडण नाही, आदळआपट नाही. "तू जाशीलच आता बाहेरदेशी, मग आम्ही इथं काय करून राहिलो?" एवढंच सासरे म्हणाले. आपले कपडे, देव आणि औषधांचा डबा घेऊन ते गेले. यानं गाडीतून सोडलं. सासूबाई पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत होत्या.

आणि जाण्याआधी सासऱ्यांनी लिहून दिलं. मागितल्याबरोबर दिलं, तेही स्वतःच्या हातानं, मराठीत. ते भाषांतराला द्यायच्या आधी मी वाचलं. आमच्या जावयाने दुसरा विवाह केला आहे. आम्हाला तो उशिरा समजला. तो खरा आहे. जावई चांगला माणूस आहे, आमच्या मुलीची त्याने शेवटपर्यंत सेवा केली. त्याला त्याच्या पत्नीकडे जाऊ द्यावे ही विनंती. खाली सही. सॉलिसिटर इंग्रजी प्रत वाचून म्हणाली, यापेक्षा चांगला साक्षीदार मिळणार नाही. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, पण रडले.

सुनावणी बर्मिंगहॅमला झाली. छोटी खोली, पाण्याचा जग, माझ्या समोर जज. गृहखात्याकडून आलेला तरुण वकील सभ्य होता, पण त्यानं एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला. या लग्नाचा तुम्हाला आनंद झाला होता, तर ते लपवलं का? मला इंग्रजी येतं, रोज त्यातच काम करते. पण आमच्याकडे दुसऱ्यांदा लग्न करणाऱ्या बाईनं आनंद दाखवायचा नसतो, हे कसं सांगायचं? दाखवला तर लोक म्हणतात, हिला लाज नाही. मी तेच सांगितलं, जमेल तसं. जज लिहीत राहिले. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "आता सगळ्यांना सांगितलंय?" मी म्हटलं, हो, आता सगळ्यांना माहीत आहे.

अपील आमच्या बाजूनं लागलं. पुढे व्हिसा यायला आणखी काही महिने गेले. नागपूरचा फ्लॅट त्यानं भाड्यानं दिला. निघायच्या आदल्या दिवशी वृद्धाश्रमात भेटायला गेला तर सासरे बागेत बसले होते, त्यांनी पाठीवर हात ठेवला. सासूबाई झोपल्यात म्हणून निरोप आला. दुपारचे चार वाजले होते, आणि त्या दुपारी कधीच झोपत नाहीत, हे त्याला माहीत होतं.

आता तो इथं आहे. संध्याकाळी मी येते तेव्हा घरात दिवा लागलेला असतो. तो चांगला वागतो, स्वयंपाक करतो, माझी चेष्टासुद्धा करतो. पण दर रविवारी सकाळी तो त्या दोघांच्या मोबाइलवर फोन लावतो, रिंग पूर्ण वाजते आणि बंद होते. सासरे कधीमधी उचलायचे, हो-नाही करायचे. त्यांची तब्येत बिघडल्यापासून तेही नाही. फोन ठेवला की तो मुकाट्यानं कांदे चिरायला घेतो. मला बघवत नाही. आम्ही कोणाचं मन मोडू नये म्हणून एवढं सगळं केलं, आणि नेमकं तेच मोडून ठेवलं.

गेल्या रविवारी मी म्हटलं, थांब, मी लावते. माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता. दुसऱ्याच रिंगला उचलला, बाईचा आवाज. मी नाव सांगितलं, कोण ते सांगितलं. मला वाटलं, ठेवतील. तो समोर खुर्चीत बसला होता, हातात सुरी तशीच.

"बोल," त्या म्हणाल्या.

मी पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "आई, चुकलं आमचं. त्याच्याशी एकदा बोला ना. त्याला फार लागलंय."

मग त्या बोलायला लागल्या, हळू, न थांबता.

"त्याला दुसरी कर म्हणून मीच सांगणार होती बाप्पा. एकटा किती दिवस राहील पोरगा? दोन-तीन स्थळंबी पाहून ठेवली होती मी, शेजारणीला विचार. तू आली असतीस नं, मी तुझी ओटी भरली असती. पोरीचं लग्न पुन्हा लावून राहिलो असं समजून मांडव घातला असता आम्ही. साऱ्या बिल्डिंगला जेवू घातलं असतं. तुम्ही आम्हाला परकं केलं, पोरी." त्यांना धाप लागली. "जेवत जा म्हणा त्याला वेळेवर. आणि फोन नको करू म्हणा. मले आता होत नाही."

फोन बंद झाला.

"काय म्हणाल्या?" त्यानं विचारलं.

"वेळेवर जेवत जा म्हणाल्या," मी म्हटलं.

"आणि?"

"एवढंच."

त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याच्याकडे बघवेना. "म्हणजे राग गेला त्यांचा," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी मीच लावतो."