वाळवू की राहू देऊ

आमच्या डोंगरात कुणी मेलं की पहिला निरोप हमदमखालाकडे जायचा, दुसरा मुल्लाकडे. मुल्लाला ते आवडत नसे. पण त्याची स्वतःची आई गेली तेव्हा तोही आधी खालाच्याच दाराशी येऊन उभा राहिला होता.

खाला मेलेल्याचे कपडे मांडीवर घेऊन बसायची. अंगणात काळी झूल घातलेला, रिकाम्या खोगिराचा घोडा गोल गोल फिरवला जाई. बायका एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या राहत आणि मग खालाचा आवाज निघे. प्रत्येकासाठी विलाप नवा असे. गेलेल्याने काय पेरलं, कुणाशी भांडला, पागोटं कोणत्या बाजूला कलतं बांधायचा, सगळं त्यात येई. कंजूष अलीमुराद गेला तेव्हा ती म्हणाली होती, "कोठीची किल्ली कमरेला आणि अंगण उपाशी, कुठे निघालास रे किल्ली घेऊन?" त्याचे पोरगे रागावले नाहीत, उलट ढसाढसा रडले. "मेलेल्याशी खोटं बोललं तर तो वाट चुकतो," असं खाला म्हणे. आणि समोर मेलेलं माणूस नसताना, किंवा कबर नसताना, तिने कधी ओठ उघडला नाही.

तिचा एकुलता एक मुलगा जहानबख्श. बर्फ सैल होण्याच्या दिवसांत तो मेंढ्या वळवून घरी आला, ओले झालेले विणलेले जोडे उंबऱ्यात काढले, आणि एक मेंढी कमी आहे असं दिसल्यावर बापाचे बूट पायात घालून पुन्हा वर गेला. बर्फ वितळल्यावर त्याला खाली आणलं. त्या दिवशी खालाने जे म्हटलं ते दर वर्षी त्याच्या कबरीवर ती म्हणत असे. "रोला," आमच्याकडे लेकराला असं म्हणतात, "रोला, जोडे उंबऱ्यात ओले आहेत रे, वाळवू की राहू देऊ?"

टीव्हीवाले आमच्या गावात आले ते वसंत ऋतूत. त्यांना एक खोटं गाव हवं होतं, पूचाबाद नावाचं, म्हणजे पोकळगाव. तिथला पाटील झाडाच्या सावलीवरही पट्टी बसवणार, सगळे गावकरी लोभी आणि मूर्ख असणार, आणि त्यांना पाहून राजधानीतल्या लोकांनी स्वतःलाच हसावं, असा बेत होता. आमची धाबी, आमच्या भिंती त्यांना पसंत पडल्या. आम्हीही फुशारलो. खालाचा नवरा करामत, त्याने आपलं गाढव दिलं आणि चित्रीकरणाच्या वेळी गाढवाची मान स्वतः धरून उभा राहिला.

दिग्दर्शक फरामर्ज चष्मेवाला, हळवा माणूस. खालाच्या हातची ताक-भाकरी त्याने पोटभर खाल्ली. जहानबख्शचा वर्षाचा दिवस आला तेव्हा पाहुणा म्हणून तोही कबरीवर आला. त्याच्या माणसाने आवाज टिपून घेतला, खालाने नको म्हटलं नाही. विलाप संपला तेव्हा फरामर्जचा चष्मा ओला झाला होता. मी पाहिलं, ते रडणं खरं होतं.

तो म्हणाला, "काय शब्द आहेत, खाला. असं काही मी जन्मात ऐकलं नाही."

खालाने डोळे पुसत पुसत म्हटलं, "तुमचेच आहेत, आगा. घेऊन जा."

आमच्याकडे पाहुण्याने कशाचीही तारीफ केली की असंच म्हणतात. सतरंजी असो, सुरी असो, घोडा असो. पाहुण्याने यावर "देव तुमच्याजवळच ठेवो" म्हणायचं आणि वस्तू जागेवर सोडून निघायचं. हे सांगावं लागत नाही, आईच्या दुधाबरोबर येतं. फरामर्जने छातीवर हात ठेवला, मान लववली, आणि घेऊन गेला.

रमजानमध्ये उपास सोडल्यावर मालिका लागू लागली. नुसरतच्या चहाखान्यात पुरुष पुढे, बायका मागच्या खोलीत, मधलं दार उघडं. आपली भिंत दिसली की ज्याची भिंत तो मिशीवर हात फिरवी. गाढव आलं त्या दिवशी करामतने सगळ्यांना चहा पाजला.

"गाढव तुझ्यापेक्षा बरं काम करतंय, करामत," नुसरत म्हणाला.

"मीच शिकवलंय त्याला."

"तरीच हट्टी आहे."

मग एके दिवशी पूचाबादच्या पाटलिणीचा कोंबडा तंदूरमध्ये पडून मेला. झगा घातलेला, मिशा तशाच ठेवलेला एक नट कोंबड्याची पिसं मांडीवर घेऊन बसला आणि गळा काढू लागला. चाल पळती केली होती, मध्येच तो शिंकत होता. चहाखाना हसून आडवा झाला. करामत सगळ्यांत मोठ्याने हसत होता, त्याचा चहा गुडघ्यावर सांडला. तेवढ्यात नट मान हलवत म्हणाला, "रोला, जोडे उंबऱ्यात ओले आहेत रे, वाळवू की राहू देऊ?"

उतारावर सुटलेला दगड हाक मारून थांबत नाही. करामतचं हसू आणखी थोडा वेळ चाललं, मग बंद झालं. मागच्या खोलीत, बायकांमध्ये, खाला बसली होती.

नुसरतने फरामर्जला फोन लावला. तो म्हणाला, "खालानेच दिलं होतं ना? तुम्ही सगळे होतात."

"अरे, द्यायचं असतं ते. घ्यायचं नसतं. कोणत्या आईच्या हातचं खाऊन मोठा झालास तू?"



वाक्य मात्र देशभर गेलं. भाजीवाला कोथिंबिरीची जुडी दाखवून विचारी, वाळवू की राहू देऊ? टॅक्सीवाला गाडी थांबवून विचारी. हिवाळ्यात कदमखैर आजी गेली, तिची नातवंडं इस्फहानहून आली. खालाने आजीचा ओढणा मांडीवर घेतला, सूर लावला, आणि एका नातीने तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलू लागले. शेजारचीचे हलले. मुलींच्या मनात वाईट नव्हतं, त्यांना आवरेना. खालाने ओढण्याची नीट घडी केली, ती आजीच्या उशाशी ठेवली आणि घरी गेली.

त्यानंतर कुणी मेलं की मशिदीतला भोंगा अंगणात आणून लावायचे, त्यात शहरातल्या कुणा गायकाचं रडणं भरलेलं असे. सगळ्यांसाठी एकच.

मग करामतची छाती भरली. मी त्याच्याजवळ बसत असे. एकदा तो खालाला म्हणाला, "माझ्या वेळी तो भोंगा लावू नका."

"मग काय, ढोल लावू?"

"काहीच नको. गुपचूप न्या. मी हसलोय, हमदम. पोराच्या मरणावर हसणाऱ्यासाठी कोण रडतं?"

"सूप पी."

"ऐकलंस का?"

"बहिरी नाही मी. सूप निवतंय."

दोघांत त्या गोष्टीचा एवढाच उच्चार झाला. विलापाशिवाय पुरलेला माणूस आमच्याकडे वाटसरू समजला जातो, ज्याचं कुणीच नाही असा. करामत तसा जायला तयार होता. खालाच्या मनात काय आहे ते मात्र कळायला मार्ग नव्हता.

तो गेला तेव्हा दिवस चांगला वर आला होता. तरण्या पोरांनी नेहमीप्रमाणे भोंगा चालू केला. खाला करामतचा कोट घेऊन बाहेर आली, भोंग्याची तार ओढून काढली आणि अंगणात बसली. शहरातले पुतणे, सुना, सगळे उभे होते. कुणी तरी आता हसेल या धास्तीने आम्ही जमिनीकडे पाहत राहिलो.

आवाज फाटला होता, पण निघाला. गाढवाचं आलं, चहाच्या उधळपट्टीचं आलं, बर्फात पोराला हाका मारत फिरल्याचं आलं. आणि मग ती म्हणाली,

"तू हसलास, म्हाताऱ्या, आपल्या रोलाच्या ओल्या जोड्यांवर हसलास. चहा सांडेपर्यंत हसलास. तो गेल्यापासून पहिल्यांदा हसलास रे, मी भिंतीआडून ऐकलं. जा, त्याला सांग, बापाला तूच हसवलंस म्हणून."

घोड्याला फिरवणारा माणूस जागीच थांबला. हसलं कुणी नाही. पुतण्यांपैकी एक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बऱ्याच वेळाने मुल्ला पुढे आला आणि हळूच म्हणाला, "हमदमखाला, नमाज पढायला घेऊ का?"

खालाने कोटाची बाही सरळ केली.

"थांब जरा," ती म्हणाली. "त्याच्या खोकल्याचं राहिलंय अजून."