गनीचाचांचा कलप

एप्रिल १९९९ मधली गोष्ट. खाडीकाठच्या राजिवड्याच्या मोहल्ल्यात एका सकाळी अजराबी घरातून ओरडत बाहेर आली. डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही. शेजारणी धावल्या.

"घरात म्हातारा शिरलाय," ती सांगत होती. "न्हाणीतनं बाहेर आला, आमच्यांचा टॉवेल गुंडाळून. काढा कोनीतरी त्याला बाहेर."

शेजारणींनी आत डोकावलं. पडवीत गनीचाचा उभे होते, पांढऱ्या दाढीतून पाणी निथळत होतं. अजराबीचे नवरे. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती.

त्या दिवशी सगळे हसले. गनीचाचाही हसले, दाढी पुसत म्हणाले, "अगो, मीच तो." पण ती उंबऱ्याबाहेरच थांबली, आणि तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती त्यांनी तिथे आयुष्यात कधी पाहिली नव्हती. ते कपडे घालून बाहेर निघून गेले तेव्हाच ती घरात आली.

अब्दुल गनी मजगावकर तीस वर्षं जहाजावर स्टुअर्ड होते. कप्तानाच्या टेबलावर वाढायचं काम. पांढरा गणवेश, त्याला खळ, बुटांना पॉलिश, रोज दाढी, नखं कापलेली. ते काम माणसाच्या दिसण्यावरच चालतं, आणि गनी दिसायला देखणा होता. दरवर्षी दीड-दोन महिने सुट्टीवर यायचा तेव्हा फाटकातून आत येणाऱ्या त्या रुबाबदार माणसाकडे अख्खा मोहल्ला बघायचा. १९९५ साली ते कायमचे घरी आले. हज झाला, दाढी राखली, केस पांढरे झाले ते तसेच ठेवले, लुंगी आणि बनियनवर दिवस जाऊ लागले. कुणासाठी नटायचं आता, असं त्यांना वाटलं. एकुलती एक मुलगी नाझिया लग्न होऊन कुवेतला होती. घरात दोघंच.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचा आजार आहे. यात अलीकडचं आधी पुसलं जातं, जुनं मागे राहतं. औषधाने थोडा वेळ मिळेल, इतकंच. मुंबईच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. परतताना एसटीत गनीचाचांनी मनाशी हिशेब केला. तीस वर्षांतल्या सगळ्या सुट्ट्या जोडल्या तरी बायकोजवळ राहिलेले दिवस पाच वर्षांचे भरत नव्हते. तिने ज्याच्याबरोबर संसार केला तो काळ्या केसांचा, बॅग घेऊन येणारा माणूस होता. हा दाढीवाला तिच्या आयुष्यात अगदी अलीकडचा. म्हणून तो आधी पुसला गेला.

पावसाळा संपेस्तोवर हे न ओळखणं अधूनमधूनच व्हायचं. मग रोज होऊ लागलं. चाचांनी ताट पुढे केलं की ती तोंड फिरवायची. "परक्याच्या हातचं मी खानार नाय. आमचे जहाजावरनं आले की तुला बघतील." आपल्याच नावाने तिने दिलेली धमकी ऐकून चाचा ताट उचलून आत जायचे. शेजारणी भरवायच्या, पण त्यांना त्यांची घरं होती. एकदा दोन दिवस तिच्या पोटात चहाखेरीज काही गेलं नाही. खोलीला आतून कडी लावून ती बसली होती आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता. चाचांनी खिडकीच्या फटीतून पाहिलं. भिंतीवर १९७२ सालचा त्यांचा फोटो होता, मुंबईत काढलेला. ती त्या फोटोला विचारत होती, "कंदी येताव? पत्र तरी टाका."

चाचांनी पडवीतल्या ट्रंकेतून त्या फोटोची दुसरी प्रत, जुने कपडे आणि बॅग काढली आणि ते सरळ बाजारपेठेत बाबूच्या सलूनमध्ये गेले. फोटो त्यांनी आरशापुढे ठेवला.

"बाबू, मला असा कर."

बाबूला वाटलं, चाचा मस्करी करतायत. "चाचा, हा तिशीतला हाय. ह्या वयात काय नाटकात काम करताव?"

"दोन दिवस ती जेवली नाय," चाचा म्हणाले. "दाढी काढ. मिशी बारीक ठेव. केसांना कलप लाव, काळा कुळकुळीत."

बाबूचा वस्तरा थांबला. हाजींची दाढी काढायची म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक होतं. "विचार करा," तो म्हणाला. चाचांनी डोळे मिटून मान मागे टाकली. चार वर्षांची दाढी मांडीवरच्या कापडात पडली. कलप धुऊन झाल्यावर आरशात जो माणूस दिसला त्याच्याकडे त्यांना बघवेना. केस तिशीतले आणि त्याखाली गाल बसलेले, गळ्याची कातडी लोंबलेली.

तिथून सखाराम शिंप्याकडे. ट्रंकेतली जुनी पँट कंबरेला चार बोटं कमी पडत होती, सदरा खांद्यावरून ओघळत होता. सखारामने टेप गळ्यात टाकून त्यांना न्याहाळलं. "चाचा, राग मानू नका. वय झालं की खांदा उतरतो, पोट पुढं येतं. कापड त्याला धरून बेतायचं, मग मानूस भारदस्त दिसतो. हे असलं घट्ट घातलंत तर उलट जास्त म्हातारे दिसाल."

"मला भारदस्त दिसायचं नाय. उसव आणि वाढव."

तिसऱ्या प्रहरी मोहल्ल्याच्या वाटेवरून काळ्या केसांचा, तंग पँटचा, हातात जुनी बॅग घेतलेला माणूस ताठ चालत आला. ओट्यावर बसलेले लोक बोलायचे थांबले. चाचांनी कुणाकडे पाहिलं नाही. फाटकातूनच त्यांनी हाक मारली, सुट्टीवर आल्यावर मारायचे तशी, "अजरा! घरात हायस काय?"

कडी निघाली. ती दारात आली. डोळ्यांवर हात धरून तिने बघितलं आणि तिचं तोंड उजळलं.

"आलाव? तार नाय केलीत ती? मी काय रांधू आता?"

त्या दुपारी ती त्यांच्यासमोर बसून जेवली. बांगड्याचा तुकडा त्यांच्या ताटात सरकवत म्हणाली, "बारीक झालाव. जहाजावर नीट खाताव की नाय?" गनीचाचांनी तो तुकडा तोंडात टाकला. डोळ्यांतलं पाणी मिशीवर आलं. ती म्हणाली, "मिरची जास्त झाली काय?"

पण ते त्या दिवसापुरतंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लुंगीत बसलेले चाचा दिसल्यावर ती पुन्हा किंचाळली. मग तेच त्यांचं आयुष्य झालं. रोज पहाटे उठून दाढी, तीसुद्धा दोनदा, कारण पांढरे खुंट दिसले की ती बिचकायची. पँट, इस्त्रीचा सदरा, बूट. तिची चाहूल लागली की मागल्या दाराने बाहेर पडायचं आणि बॅग घेऊन पुढच्या दाराने यायचं. दिवसातून दोन वेळा, कधी तीन. कवळी काढायची नाही, वाकून चालायचं नाही, जमिनीवरून उठताना हात टेकायचा नाही. बासष्टाव्या वर्षी गुडघे दुखत असताना ते चौतीस वर्षांचे होऊन उभे राहत होते.

दर आठ दिवसांनी केसांची मुळं पांढरी व्हायची, म्हणून दर आठ दिवसांनी कलप. मोहल्ल्यात चर्चा सुरू झाली. म्हाताऱ्याला चळ लागलाय, बायको आजारी पडली म्हणून दुसरी बघतोय. मशिदीत एका बुजुर्गाने सगळ्यांदेखत सांगितलं, "गनी, हज करून आलास, आणि ह्या वयात काळे केस? काळा रंग आपल्यात मना हाय, लावायची तर मेंदी लाव."  पुढच्या जुम्म्यापासून चाचा शेवटच्या रांगेत उभे राहू लागले. कुवेतहून नाझियाचा फोन आला. "अब्बा, लोक मला काय काय कळवतायत. तुमी दाढी काढलीत?"

"काढली."

"कशासाठी?"

"तुझी अम्मी जेवते," ते म्हणाले, आणि लाईन कट झाली तेव्हा त्यांना बरंच वाटलं.

दोन हजार एक साल उजाडलं. मार्चपासून चाचांच्या कानामागे खाज सुटू लागली. मग डोक्यावर फोड आले, त्यातून पाणी वाहू लागलं. कातडीच्या डॉक्टरांनी डोकं पाहूनच विचारलं, "कलप लावता? बंद करा. तुम्हाला सोसत नाहीये. पुढच्या वेळी चेहरा सुजेल, घसा सुजला तर जीवावर बेतेल."

चाचांनी बाबूला हे सांगितलं नाही. पण बाबूला डोकं दिसत होतं. त्याने हात जोडले. "चाचा, माझ्या हातून हे पाप करवू नका. मी लावनार नाय."

पंधरा दिवस चाचा टोपी घालून वावरले. कपाळाशी पांढरी कड दिसायची. अजराबी टोपीकडे बघत राहायची, अर्धं ताट टाकून उठायची. मग एके दिवशी तिने जेवायचं पुन्हा बंद केलं. एक दिवस. दुसरा दिवस. तिसऱ्या दिवशी चाचांनी दुकानातून पुडी आणली आणि न्हाणीत बसून, दात घासायच्या ब्रशने, हाताने कलप लावला. डोक्याला आग लागल्यासारखं झालं. त्यांनी तोंडात टॉवेलचा बोळा धरला आणि अर्धा तास काढला.

दोन तासांनी ते बॅग घेऊन पुढच्या दाराशी आले तेव्हा त्यांच्या पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. कपाळ पुढे आलं होतं. आरशात त्यांना तेही नीट दिसलं नव्हतं.

"अजरा," त्यांनी हाक मारली, "मी आलो."

ती आनंदाने दारात आली, आणि समोरचा चेहरा बघून तिने जी किंकाळी फोडली ती खाडीपलीकडे गेली असेल. ती वळली, मागच्या दाराने धावली, चिऱ्याच्या पायऱ्यांवरून तिचा पाय घसरला. चाचांना दिसत नव्हतं. आवाजाच्या रोखाने ते चाचपडत गेले, आणि खाली पडलेली ती त्यांना हातानेच लोटत होती. "नको, नको. हात लावू नको. आमचे येतील आता."

खुब्याचं हाड मोडलं होतं. एकाच रुग्णवाहिकेतून दोघांना नेलं, तिला एका वॉर्डात, त्यांना दुसऱ्या. चाचांच्या डोक्याचे केस काढावे लागले. नाझिया चौथ्या दिवशी पोचली. बापाचं ते सुजलेलं तुळतुळीत डोकं बघून ती आधी रडली आणि मग भांडली. "मरायचं होतं तुमाला? तुमच्या कलपानं अम्मीला पाडलं!"

"होय," चाचा म्हणाले. 

अजराबी घरी आली ती खाटेवरच. नाझियाने कुवेत सोडलं. तिने बापाला पडवीत झोपायला सांगितलं, खोलीत यायचं नाही म्हणाली. तीन महिने चाचा पडवीत होते. दाढी पांढरी वाढली, विस्कटली, तेच कपडे आठ-आठ दिवस अंगावर. जेवायला बोलावलं तर जेवायचे. आतून बायकोचा आवाज आला की खांबाला कान लावायचे.

शेवटी नाझियाच त्यांच्यापाशी येऊन बसली. अम्मी आता आणखी मागे गेली होती. मुलीलाही ओळखत नव्हती, तिच्या हातचं धड खात नव्हती. "अब्बा, ती मला नोकरीन समजते," नाझिया म्हणाली. "तुमी एकदा येऊन बघा. पन नवरा बनून नको. आहात तसे या. मात्र असे गबाळे नाय, माणसात जातो तसे."

चाचा बाबूकडे गेले. त्याने दाढीला आकार दिला, कानातले केस काढले. सखारामने अंगाबरोबर बेतून दोन पांढरे कुडते शिवले, खांद्यावर बसणारे, पोटावरून सरळ उतरणारे. नखं कापून, थोडं अत्तर लावून, काठी घेऊन चाचा खोलीच्या दारात उभे राहिले.  

अजराबीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सलाम चाचा," ती म्हणाली. "बसा. कोनाकडं आलाव?"

"इथंच," चाचा म्हणाले. "पेज खाशील काय थोडी?"

मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणून तिने तोंड उघडलं.

ती पुढे चौदा महिने जगली. त्यांना तिने नवरा म्हणून एकदाही ओळखलं नाही. तरी ते रोज आंघोळ करून, धुतलेला कुडता घालून सकाळी आणि दुपारी पेज घेऊन जात, कारण कुडता मळलेला असला तर ती संशयाने बघायची. एकदा सकाळी त्यांनी धीर करून विचारलं, "तुझा घरवाला कसा हाय गो?"

"दिसायला बरे हायत," ती म्हणाली. "पन घरात कंदी ऱ्हायले नायत. आले की मी त्यांच्याकडं बघत बसायची, आणि तेवढ्यात जायचे."

चमचा चाचांच्या हातात तसाच राहिला. तिला त्यांची दया आल्यासारखी झाली.

"चाचा, तुमची बायको नाय काय?"

"हाय."

"मग तिच्याजवळ जा की. ती वाट बघत असंल. हितं रोज माझ्यापाशी कशाला बसताव?"

चाचांनी तिचं तोंड पुसलं, वाटी उचलली आणि पडवीत जाऊन बसले. दुपारच्या पेजेला अजून वेळ होता.