बिरप्पाची फरशी

बिरप्पा फिटर तोंडाचा फटकळ. असा माणूस शुक्रवार पेठेत भाड्याच्या जागेत धंदा कसा करतो, याचं आम्हा शेजाऱ्यांना नवल वाटे. गाडीची चाकं सरळ आहेत का, गाडी कुठल्या अंगाला बसलीय, हे तपासणं त्याचं काम. त्याला लागे सुताची दोरी, फूटपट्टी आणि खाली शहाबादी फरशी. ती त्यानं पदरच्या पैशानं आणून, तांब्यानं पाणी ओतून, पाणी कुठं पळतं ते बघत बसवली होती. जमीन वाकडी तर मापही वाकडं, म्हणायचा.

चौऱ्याहत्तर साली जागेचे मालक चनबसप्पाअण्णा आपली टॅक्सी घेऊन आले. अक्कलकोटच्या फेरीला ते तिच्यात दहा-दहा माणसं कोंबत. मग गाडी मागून दबे आणि पोलीस दुरूनच ओळखत.

"मागच्या स्प्रिंगात दोन पाटे वाढव की. भरली तरी सरळ दिसली पायजे."

"पाटे वाढवतो अण्णा, पण ब्रेक कुटनं वाढवू? दबलेली दिसतीया म्हणून तरी कुणी अडवतंय. मी न्हाय करणार."

"मग जागा सोड."

"सोडतो."

घरी बायकोनं, केराबाईनं, त्याला फैलावर घेतलं. "पाण्यात राहून माशाशी वैर करताय. आता कोण जागा देतंय तुमाला?" तिचं खरंच होतं. अण्णांना दुखवायची पेठेत कुणाची छाती नव्हती. बिरप्पाही मनातून घाबरला होता, जेवलाही नाही. पण सकाळी पहार घेऊन निघाला, आणि मागोमाग पाटी घेऊन केराबाई.

फरशा उखडताना बघून अण्णा धावत आले. "अरे, फरशी कुटं नेतोस?"

"जागा तुमची. फरशी माझी."

समोरच धुळाप्पाचं मोकळं अंगण होतं. तो भित्रा माणूस. पण त्यानं आपली बैलगाडी बाजूला ओढून घेतली. नवराबायको तिथं फरशी मांडायला बसले. आम्हीही मग पाणी आणून दिलं.

आठवड्यात अण्णांनी दुसरीकडून पाटे घालून घेतले. गच्च भरलेली टॅक्सी ताठ उभी राहिली. बिरप्पा हातातली दोरी टाकून रस्त्यात गाडीला आडवा आला.

"गाडी सरळ दिसतीया, पण ब्रेक पाचच माणसांचा हाय," त्यानं आतल्यांना सांगितलं. "बसायचं तर बसा."

कुणी हललं नाही. अण्णा हसले. मग मागचं दार उघडलं आणि त्यांची सख्खी बहीण गौरम्मा गाठोडं घेऊन खाली उतरली.

"अण्णा," ती म्हणाली, "मी यष्टीनं जाते."