वडनेरच्या जिनातला एक शेअर

वडनेरच्या जिनात नत्थूजी कापसाच्या गाड्या तोलत. कापसातली सरकी वेगळी काढणारा हा कारखाना गावातल्या चाळीस शेतकऱ्यांनी मिळून उभारला होता. उभारणीच्या वेळी मजुरी देता आली नाही, म्हणून नत्थूजींना एक शेअर देण्यात आला. त्या शेअरने त्यांना फारसे काही दिले नाही; वार्षिक सभेत उभे राहून बोलण्याचा अधिकार तेवढा दिला. सलग पाच वर्षे ते उभे राहिले आणि एकच मागणी करत आले: जिनातल्या बायांसाठी दवाखाना हवा. त्या बायांत त्यांची पत्नी रामबाई होती. रुईची धूळ छातीत बसून ती सतत खोकत असे.

मागणीला कोणाचाच विरोध नसे. चाळीसही माना डोलत. मग दवाखाना कोणाच्या आळीत, हा प्रश्न निघे.

"पैसा सबन लोकाइचा, अन् दवाखाना रूपरावच्या ओट्याजवळ काऊन?" असे कोणी म्हटले की सभा चहाकडे वळे.

१९५५ साली वर्ध्याचे हरिभाऊ शेठ आले आणि त्यांनी एकेक करून चाळीसही जणांचे शेअर विकत घेतले. नत्थूजींनी मात्र आपला विकला नाही.

"इकला त मंग सभेत उभा कसा राहू?" ते रामबाईला म्हणाले.

"उभं राहून का भेटलं आजवर? पाय दुखले तुमचे."

पुढच्या सभेला दोनच भागधारक होते, आणि टिपण घ्यायला कारकून श्रीधरपंत. नत्थूजींनी उभे राहून मागणी मांडली.

"मंजूर," हरिभाऊ म्हणाले. चाळीस जणांना पाच वर्षांत न साधलेले काम एका माणसाने पानाला चुना लावता लावता केले. "दवाखान्याला माझ्या आईचं नाव राहील."

"राहू द्या ना, मालक."

"आणि तो होईल वर्ध्याला, स्टेशनच्या रस्त्यावर. इथं वडनेरात ते नाव वाचणार कोण?"

श्रीधरपंतांनी टाक थांबवला. "नत्थूजी, विरोध लिहू का?"

पाच वर्षे मागितलेल्या दवाखान्याला विरोध कसा करावा, हे नत्थूजींना सुचले नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.

दवाखाना उघडल्यावर दोन मोटारी बदलून ते रामबाईला तिथे घेऊन गेले. डॉक्टर भला होता. त्याने औषध दिले आणि दर पंधरा दिवसांनी यायला सांगितले. जाण्यायेण्यात दोघांचीही रोजी बुडाली.

वर्षअखेरच्या सभेत हरिभाऊंनी अहवाल वाचला: 'वडनेरसारख्या दूरच्या गावाहूनही रुग्ण लाभ घेतात.' वाचून झाल्यावर त्यांनी समाधानाने विचारले, "काही बोलायचं आहे, नत्थूजी?"

"दवाखान्यात जाते त्या दिवसाची रोजी बायाइले देजा, मालक."

हरिभाऊ मनापासून दुखावले. "अहो, ती तर मजुरी झाली. तिच्यावर आईचं नाव कुठं घालू?"

हंगाम भरात होता. त्या पंधरवड्यात रामबाई वर्ध्याला गेली नाही. तोंडाला पदर बांधून ती रुईच्या ढिगापाशी कामाला बसली.